राज्य गेलं, राखण उरली

तिसऱ्या युगाचं ३०१८वं वर्ष, २२ सप्टेंबरची संध्याकाळ. शायरमधल्या बॅग एन्ड या टेकडीतल्या घरात फ्रोडो बॅगिन्सच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं जेवण चाललं होतं. घर विकून झालं होतं, सामानसुमान पुढे रवाना झालं होतं, पंगतीला चार दोस्त होते आणि तळघरातल्या जुन्या वाइनचा उरलासुरला साठा त्या रात्री संपवायचाच होता. त्याच सुमारास शायरच्या दक्षिण टोकाला, ब्रँडीवाइन नदीच्या सार्न फोर्ड नावाच्या उतारावर काळे घोडेस्वार येऊन थडकले. उतारावर पहारा होता. पहारेकऱ्यांपैकी काही जण आपल्या नायकाला खबर द्यायला उत्तरेकडे धावले. त्यांचा पाठलाग झाला. काही मारले गेले, काही रानोमाळ पांगले. उरलेल्यांनी उजेड होता तोवर उतार रोखून धरला. अंधार पडल्यावर मात्र त्यांचा निभाव लागला नाही. कोंबडा आरवायच्या आत घोडेस्वार शायरमध्ये शिरले होते.

जेवून झोपलेल्या हॉबिटांना, म्हणजे शायरमधल्या बुटक्या लोकांना, या चकमकीचा पत्ता नव्हता. त्याचं फारसं नवल नाही, उतार लांब होता. नवल याचं, की तिथे कुणी पहारा देतं हेच त्यांच्यातल्या जवळजवळ कुणाला ठाऊक नव्हतं. आणि ही राखण थोडीथोडकी नाही, हजार वर्षांची होती.

जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली, तेव्हा कादंबरीच्या मागे त्यांनी एक बखरच जोडली होती. राजांच्या वंशावळी, युगांची सनावळी, लढाया, साथी, कडक हिवाळे, सगळं त्यात आहे. कादंबरीत हे रानातले राखणदार, म्हणजे रेंजर, अधूनमधून दिसतात आणि लगेच झाडीत नाहीसे होतात. ते कुठून आले आणि रानात का राहिले, हे कळतं ते या पुरवण्यांमधून. सनावळीतल्या सुट्या नोंदी एकापुढे एक लावल्या, की बुडालेल्या एका राज्याची गोष्ट हाती येते. ते बुडालं तरी त्याने पत्करलेलं काम थांबलं नाही.

त्या राज्याचं नाव आर्नोर. समुद्रात बुडालेल्या नूमेनोरमधून वाचलेल्या एलेन्दिलने दुसऱ्या युगाच्या ३३२०व्या वर्षी ते वसवलं. दक्षिणेत त्याच वेळी गोंडोर उभं राहिलं. गोंडोरला सुपीक खोरी मिळाली, समुद्र मिळाला आणि माणसंही मिळाली. आर्नोरच्या वाट्याला विस्तीर्ण मुलूख आला, पण तो भरायला लोक नव्हते. अंधाराचा अधिपती साउरॉन याच्याविरुद्धच्या महायुद्धात एलेन्दिल पडला. तिसऱ्या युगाच्या दुसऱ्याच वर्षी त्याचा मुलगा इसिल्दुर तीन मुलांसह वाटेत मारला गेला. धाकटा मुलगा वालान्दिल एलरॉन्डच्या घरी, रिव्हेन्डेलला होता म्हणून वंश टिकला. या दोन घावांत आर्नोरची जी माणसं गेली, ती तूट पुढे कधीच भरून निघाली नाही.

त्यात भाऊबंदकी आली. ८६१ मध्ये राज्याच्या तीन वाटण्या झाल्या: आर्थेदाइन, कार्दोलान आणि रूदाउर. तिघांच्या सीमा वेदरटॉप या टेकडीपाशी भिडत, आणि टेकडीवरच्या अमोन सूल बुरुजात दूरदर्शी पालान्तिर गोळा होता. त्या गोळ्याच्या मालकीवरून तिन्ही घरांत हेवेदावे चालले. असं फुटलेलं घर शत्रूला आयतंच असतं. साधारण १३००च्या सुमारास उत्तरेला आंगमारचं राज्य उभं राहिलं, त्याचा राजा नाझगुलांचा, म्हणजे त्या काळ्या घोडेस्वारांचा, म्होरक्या. १४०९ मध्ये त्याने चढाई केली, राजा आर्वेलेग पडला, अमोन सूलचा बुरुज जळून जमीनदोस्त झाला.

अशा खचत चाललेल्या राज्यात १६०१ साली एक छोटी घटना घडली. पुढच्या साऱ्या इतिहासाची कळ तिच्यातच आहे. ब्री गावातले मार्चो आणि ब्लांको हे दोन हॉबिट भाऊ आपला जमाव घेऊन ब्रँडीवाइनपलीकडे वस्ती करायला निघाले. राजा आर्गेलेब दुसरा याने त्यांना सनद दिली. नदीपलीकडचा ओसाड पण कसदार मुलूख त्यांचा. त्याच्या बदल्यात त्यांनी मोठा पूल आणि इतर पूल-रस्ते नीट राखायचे, राजाच्या जासुदांची सोय करायची आणि राजाचं धनीपण मानायचं. शेतसारा नाही, वेठ नाही. हॉबिटांनी या वर्षापासून स्वतःचा शक सुरू केला.

३७४ वर्षांनी राजाच उरला नाही. १९७४च्या हिवाळ्यात आंगमारने राजधानी फोर्नोस्ट घेतली. शेवटचा राजा आर्वेदुई उत्तरेला पळाला, जुन्या खाणींत लपला, शेवटी फोरोखेलच्या बर्फाळ किनाऱ्यावरच्या लोकांच्या आश्रयाला गेला. त्याला न्यायला जहाज आलं तेव्हा तिथल्या मुखियाने बजावलं, उन्हाळ्यापर्यंत थांब, या जहाजात पाऊल टाकू नकोस. आर्वेदुईने उपकाराची फेड म्हणून घराण्याची अंगठी त्याच्या हातात ठेवली आणि तो जहाजात चढला. १९७५च्या मार्चमध्ये बर्फात अडकून जहाज फुटलं. राजाबरोबर पालान्तिरही बुडाले. अंगठी तेवढी वाचली. राजाच्या आप्तांनी ती पुढे मोल देऊन सोडवून आणली. त्याच वर्षी गोंडोरचं सैन्य येऊन पोचलं आणि आंगमार धुळीला मिळालं. पण जिंकलेली भूमी सांभाळायला उत्तरेत माणसं होती कुठे?

आर्वेदुईचा मुलगा आरानार्थ याच्यापुढे काही वाटा होत्या. मूठभर लोकांच्या बळावर राजा म्हणवून घ्यायचं, गोंडोरच्या आश्रयाला जायचं, किंवा विरून जायचं. त्याने राजा ही पदवीच सोडली आणि तो आपल्या लोकांचा, दूनेदाइनांचा, केवळ नायक झाला. राजदंड, तुटलेली तलवार, अंगठी ही राजचिन्हं रिव्हेन्डेलला एलरॉन्डच्या स्वाधीन झाली. प्रत्येक नायकाचा मुलगा तिथेच वाढायचा, असा पायंडा पडला. आणि हे लोक रानात उतरले.

शायरमध्ये काय झालं? राजा गेल्याचं हॉबिटांनी हळूहळू मानलं, आणि १९७९ मध्ये आपल्यातूनच एक थेन निवडला. राजाचे कायदे चांगले म्हणून ते पाळत राहिले. पण ज्यांचं धनीपण मान्य केलं होतं त्यांचे वंशज अजून भोवती वावरताहेत, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सनदेची एक बाजू विस्मरणात गेली. दुसऱ्या बाजूच्या लोकांनी मात्र, सनदेत जे लिहिलंही नव्हतं, ते रक्षणाचं काम चालू ठेवलं. आपल्याकडे गावचा जागल्या रात्री गस्त घाली, तर सुगीला खळ्यावर त्याचा बलुत्याचा वाटा ठरलेला असे, आणि सारा गाव त्याला नावाने ओळखे. रेंजरांना बलुतंही नव्हतं आणि नावही नव्हतं.

त्यांचं राहणं कसं होतं, याचे तपशील टोल्किन फार हात राखून देतात. त्यांची घरं, बायकामुलं, चुली कादंबरीत कुठेच दिसत नाहीत. दिसतात त्या खुणा. फ्रोडो आणि त्याचे सोबती वेदरटॉपच्या पायथ्याशी पोचतात, तेव्हा तिथल्या खळग्यात पडलेल्या दगडांआड सरपण नीट रचून ठेवलेलं सापडतं. त्यांच्याबरोबरचा रेंजर आरागॉर्न खुणा पाहून सांगतो, अलीकडेच रेंजर इथे येऊन गेलेत, लाकडं त्यांचीच. मागून येणाऱ्या, कधी न भेटणाऱ्या आपल्या माणसासाठी कुणीतरी ती फोडून, कोरडी राहतील अशी आडोशाला ठेवून गेलं होतं. चौक्या नाहीत, पागा नाहीत, कोठारं नाहीत; रानात जागोजाग असा थोडाथोडका साठा आणि तो कुठे आहे याची प्रत्येकाला माहिती, एवढ्यावर ही व्यवस्था उभी होती. त्या खळग्यात आणखीही पावलं उमटली होती. ती रेंजरांची नव्हेत, हेही आरागॉर्नने मातीवरूनच ओळखलं.

हातात नकाशा नसताना दलदलीतून वाट काढणं, जखमेवर अथेलासचा पाला चेचून, गरम पाण्यात टाकून शेक देणं, जड ओझ्याशिवाय आठवडेच्या आठवडे चालणं, हे त्यांचं शिक्षण. वेषही तसाच. पुढे दक्षिणेच्या युद्धात ते दिसले तेव्हा अंगावर गडद करडे झगे होते, खाली मळकट केसाळ पण काटक घोडे, सोन्याचा वा रत्नाचा कुठे लवलेश नाही. डाव्या खांद्यावर झगा अडकवायला चांदीची एक किरणं असलेली चांदणी, एवढाच दागिना.

हा पहारा कशापासून? १९७५ नंतर आंगमार गेलं, पण त्याचे उरलेसुरले प्राणी डोंगरात राहिले. नायकांच्या मृत्यूंच्या नोंदी वाचल्या की कामाची जात कळते. पहिला आरागॉर्न २३२७ मध्ये लांडग्यांनी मारला. २९३० मध्ये आरादोरला रिव्हेन्डेलच्या उत्तरेच्या डोंगरात ट्रोलांनी मारलं. तीनच वर्षांनी त्याचा मुलगा आराथॉर्न ऑर्कांवर चालून गेला असता डोळ्यात बाण लागून पडला. तेव्हा त्याचा मुलगा, दुसरा आरागॉर्न, दोन वर्षांचा होता. मोठ्या रणात नव्हे, असे कुठल्यातरी झाडीत, कुठल्यातरी खिंडीत हे नायक गेले.

हॉबिटांच्या हिशेबात मात्र या सगळ्याची नोंद नाही. त्यांच्या आठवणीत एकच लढाई होती, २७४७ची. तीत बॅन्डोब्रास टूकने ऑर्कांची टोळी परतवली, आणि १६०१ पासून ३०१९ पर्यंत शायरच्या हद्दीत झालेली लढाई ती एकटीच. तब्बल १२० मैल रुंद, १५० मैल लांब मुलूख. त्यात शेरिफ म्हणवणारे पोलीस एकूण बारा, आणि त्यांचं मुख्य काम भरकटलेली गुरं वळवणं. हद्दीवर फिरणारे बाउंडर वेगळे, पण त्यांचा उपद्रव होता तो आगंतुक वाटसरूंना. जुन्या तलवारी भिंतीवर टांगलेल्या नाहीतर मिशेल डेल्व्हिंगच्या वस्तुसंग्रहालयात पडलेल्या. चौदा शतकांत एकच लढाई झाली, याचं कारण जग शांत आहे, असं हॉबिटांना वाटायचं.

ब्रीमधल्या लोकांना रेंजर निदान दिसायचे. दोन जुन्या रस्त्यांच्या तिठ्याजवळची ही वस्ती, मोठ्या माणसांची शंभरेक दगडी घरं, टेकडीच्या उतारावर हॉबिटांचीही घरं, भोवती चर आणि दाट कुंपण, रस्त्यावर रात्री बंद होणाऱ्या वेशी. कधीतरी एखादा उंच, काळसर, मळक्या बुटांचा इसम ‘प्रान्सिंग पोनी’ खानावळीत यायचा, कोपऱ्यात बसून चिलीम ओढायचा, दूरदेशीच्या बातम्या सांगायचा आणि नाहीसा व्हायचा. पशुपक्ष्यांची भाषा यांना कळते, अशी वदंता होती. लोक त्यांच्या गोष्टी कान देऊन ऐकत; दोस्ती मात्र कुणी करत नसे. खानावळीचा मालक बार्लिमन बटरबर फ्रोडोला सावध करतो, त्याच्याशी जपून. ज्याच्याशी जपून राहायचं, तो या रेंजरांचा सोळावा नायक, एलेन्दिलच्या गादीचा वारस आरागॉर्न. ब्रीत त्याचं नाव ‘स्ट्रायडर’, म्हणजे लांब टांगा टाकत भटकणारा कोणीतरी.

हा माणूस कोण, हे खुद्द टोल्किन यांनाही आधी कळलेलं नव्हतं. १९३८च्या सुमारास ब्रीचं प्रकरण पहिल्यांदा लिहिताना त्या कोपऱ्यात बसला होता तो ट्रॉटर नावाचा, लाकडी पादत्राणं घालणारा एक हॉबिट. पुढच्या खर्ड्यांत त्याची लाकडी पादत्राणं गेली, तो माणूस झाला, मग त्याच्यामागे वंशावळ आली, आणि वंशावळीमागून अख्खं बुडालेलं राज्य आलं. १९५५ साली कवी ऑडेन यांना लिहिलेल्या पत्रात टोल्किन यांनी कबूल केलं, की स्ट्रायडर खानावळीत दिसला तेव्हा तो कोण याबद्दल आपणही फ्रोडोइतकेच अंधारात होतो. म्हणजे राखणदार आधी आला, इतिहास मागून. दुसऱ्या महायुद्धात ही कादंबरी रेंगाळत पुढे सरकत होती, तेव्हा टोल्किन स्वतः ऑक्सफर्डमध्ये हवाई हल्ल्याच्या पहाऱ्याच्या पाळ्या करत होते. शहर झोपलेलं असताना जागं राहणं म्हणजे काय, ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

३००१ मध्ये जादूगार गँडाल्फला संशय आला, की फ्रोडोचा आप्त बिल्बो याच्याजवळची अंगठी साधी नाही, आणि शायरभोवतीचा पहारा दुप्पट झाला. हॉबिटांना याचाही थांग लागला नाही. रिव्हेन्डेलच्या सभेत गोंडोरचा बोरोमिर आपल्या शहराच्या शौर्याची गाथा सांगतो, तेव्हा आरागॉर्न थोडक्यात आपली बाजू मांडतो. आम्ही जिथे उभे असतो, त्या वस्त्यांपासून एका दिवसाच्या वाटेवर असे शत्रू आहेत, की ते कळलं तर लोकांच्या काळजाचं पाणी होईल. आणि तेच लोक आम्हाला हिणवून नावं ठेवतात. तरी आम्हाला दुसरं काही नको, कारण साध्या लोकांनी साधं राहायचं तर त्यांना भय ठाऊक नसलेलंच बरं. या बोलण्यात अभिमान आहे आणि खोलवर कुठेतरी एक गृहीतही आहे: ज्यांना वाचवायचं त्यांना विचारायची गरज नाही.

या गृहीताची परीक्षा ३०१९ मध्ये झाली. मार्चच्या सुरुवातीला, दक्षिणेच्या युद्धासाठी, हाल्बाराड नावाचा रेंजर तीस साथीदार घेऊन दक्षिणेतल्या रोहानमध्ये आरागॉर्नला जाऊन मिळाला. घाईत एवढीच माणसं जमली. शायरच्या लोकांना आमच्या कष्टांची कल्पना नाही, पण मला त्याचं वाईट वाटत नाही, अशा अर्थाचं तो बोलला. आणि थोड्याच दिवसांत, १५ मार्चला, पेलेन्नोरच्या मैदानात पडला. इकडे उत्तर रिकामी झाली.

ब्रीत काय घडलं ते ऑक्टोबरअखेर परतलेल्या फ्रोडोला बटरबरने सांगितलं. वेशीवर कडक पहारा, खानावळीत चार गिऱ्हाइकं, लोक रात्री घराबाहेर पडेनात. दक्षिणेकडून आलेल्या भुरट्या टोळ्यांशी नव्या वर्षाच्या तोंडावर गावात मारामारी झाली आणि पाच जण मेले, तीन मोठी माणसं आणि दोन हॉबिट. रेंजर आपल्यासाठी काय करत होते हे ते गेल्यावर कळलं, असं बटरबर म्हणतो. गँडाल्फ त्याला सांगतो, की नवा राजा लवकरच उत्तरेत येईल आणि तो राजा म्हणजे तुझा स्ट्रायडर. बटरबरच्या डोळ्यापुढे मुकुट आणि सोन्याचा पेला घेतलेला स्ट्रायडर काही केल्या येईना.

शायरची गत ब्रीहून वाईट झाली. बाहेरून आलेल्या गुंडांनी लोथो या हॉबिटाच्या आणि नंतर जादूगार सारुमानच्या आडोशाने मुलूख ताब्यात घेतला, कोठारं लुटली, झाडं तोडली. शेरिफ बारांचे शेकडो झाले, पण ते आता गुरं वळवत नव्हते, आपल्याच लोकांना पकडत होते. पहारा आत वळला होता. हजार वर्षं ज्यांना भय ठाऊक नव्हतं, त्यांना ते आलं तेव्हा ओळखताही आलं नाही. नियमांच्या पाट्या लागत गेल्या आणि लोक त्या पाळत गेले. भय न दाखवता केलेल्या राखणीची ही किंमत आरागॉर्नच्या हिशेबात नव्हती. ती फेडली हॉबिटांनी, ३ नोव्हेंबर ३०१९ रोजी, बायवॉटरच्या लढाईत. सत्तरेक गुंड पडले, १९ हॉबिट कामी आले, तिसेक जखमी झाले. लढलेल्यांची यादी केली गेली आणि शायरचे इतिहासकार ती तोंडपाठ करत आले. त्यांच्या इतिहासात आता दुसरी लढाई जमा झाली होती, आणि ही कुणी लढली ते सगळ्यांना माहीत होतं.

चौथ्या युगाच्या सहाव्या वर्षी राजा एलेसार, म्हणजेच आरागॉर्न, याने हुकूम काढला: शायर हा उत्तरेच्या राजदंडाच्या संरक्षणाखालचा स्वतंत्र मुलूख असेल आणि कुणाही माणसाने त्यात पाऊल टाकायचं नाही. काही वर्षांनी तो स्वतः उत्तरेला आला तेव्हा ब्रँडीवाइनच्या पुलापाशीच थांबून त्याने मित्रांची भेट घेतली. हुकूम राजालाही लागू होता. तिथेच त्याने फ्रोडोचा सोबती सॅमवाइज गॅमजी याला दूनेदाइनांची चांदणी दिली, बहुधा रेंजर खांद्यावर लावत तीच. सॅम तेव्हा शायरचा महापौर होता आणि थेन व बकलँडचा धनी यांच्यासह उत्तर राज्याचा सल्लागारही.

१६०१ची सनद आणि हा हुकूम शेजारी ठेवून वाचले, की चौदा शतकांत काय बदललं ते दिसतं. पहिल्या कराराने हॉबिटांना जमीन मिळाली, पुलाची डागडुजी त्यांच्याकडे आली, आणि रक्षण कुणाचं काम आहे हा प्रश्न कधी निघालाच नाही. दुसऱ्याने रक्षणाची जबाबदारी कागदावर आणली, रक्षकाला हद्दीबाहेर ठेवलं आणि ज्यांचं रक्षण व्हायचं त्यांना मसलतीत बसवलं. रेंजरांची निष्ठा थोर होतीच. पण त्यांच्या गुप्ततेने शायर सुरक्षित राहिला तसाच दुबळाही राहिला, आणि हे ओळखून राजा झालेल्या रेंजरने आपल्या पूर्वजांची रीत बदलली. लोकांना कळू न देता त्यांना जपण्यापेक्षा त्यांना सांगून, त्यांच्या संमतीने जपणं अवघड असतं. बायवॉटरनंतर हॉबिटांनी तेवढा विश्वास कमावला होता.